रन-फ्लॅट की साधे टायर? ८० किलोमीटरचा हिशेब

आपल्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी. बोलताना झालेली बडबड थोडी कमी केलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आला. त्याने सेकंड हँड बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतलीय, २०१३ ची. दोन सीट, वरचं कडक छप्पर बटण दाबलं की मागे डिकीत जाऊन बसतं, ती. मागचे दोन्ही टायर गोटा झालेत आणि पुढचेही संपत आलेत. दुकानदार म्हणतो, "कंपनीने रन-फ्लॅट दिलेत, तेच टाका." मित्र म्हणतात, "ते दगड काढून टाक, साधे टाक, गाडी एकदम बदलेल." आणि मेसेजच्या शेवटी तो सहज सांगून जातो की महिन्यातून दोनदा त्याची बहीण ही गाडी घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जाते. रात्री, एकटी.

माझ्या मते या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या शेवटच्या वाक्यात आहे. का, ते बघू.

आधी हे रन-फ्लॅट म्हणजे काय?

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन पेलते ती आतली हवा. रबर फक्त त्या हवेला धरून ठेवतं. हवा गेली की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेपली जाते. तशीच गाडी दामटली तर ती भिंत घासून, तापून फाटते. टायर रिमवरून निसटू शकतो आणि मग रिमही जाते.

रन-फ्लॅटमध्ये ही साइडवॉल आतून जाड, कडक रबराने मजबूत केलेली असते. हवा पूर्ण गेली तरी ती भिंत स्वतः उभी राहते आणि गाडीचं वजन उचलते. साधारण सगळ्या कंपन्या सांगतात तो आकडा लक्षात ठेवा: हवा शून्य झाल्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाच्या आत, जास्तीत जास्त ८० किलोमीटर अंतर. गाडीत सामान किती, रस्ता कसा, ऊन किती, यावर हे अंतर कमी होतं. हवेविना धावताना साइडवॉल प्रत्येक फेरीत वाकते, वाकली की तापते, आणि शेवटी तिला मारते ती ही उष्णताच.

टायर रन-फ्लॅट आहे हे ओळखायचं कसं? बाजूला बघा. ब्रिजस्टोन 'आरएफटी' लिहितं, मिशेलिन 'झेडपी', कॉन्टिनेन्टल 'एसएसआर', गुडइयर 'आरओएफ'. सेकंड हँड गाडी घेताना चारही टायर वाचा. कधीकधी आधीच्या मालकाने पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा टाकलेला असतो.

स्पोर्ट्स कारमध्ये हे आलं कुठून?

साधं कारण आहे, जागा नाही. अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट घ्या. १९९७ साली तिची पाचवी पिढी आली आणि तिच्यात स्टेपनीच नव्हती. गुडइयरचे रन-फ्लॅट टायर आणि सोबत हवेचा दाब सांगणारे सेन्सर, दोन्ही स्टँडर्ड. स्टेपनी गेली म्हणजे वजन गेलं आणि डिकी मोकळी झाली.

आपल्या श्रोत्याच्या झेड-फोरचंही तेच. छप्पर वर असताना तिची डिकी ३१० लिटरची आणि छप्पर आत घेतलं की उरतात १८० लिटर. स्टेपनी ठेवणार कुठे? बरं, अठरा इंची चाकांवर तिचे पुढचे टायर २२५/४० आणि मागचे २५५/३५. म्हणजे एक स्टेपनी ठेवली असती तरी ती दोन्हीकडे नीट बसलीच नसती.

पण गंमत बघा. त्याच कॉर्व्हेटची २००१ साली झेड-झिरो-सिक्स नावाची जास्त चपळ आवृत्ती आली. तिच्यात कंपनीने रन-फ्लॅट काढून साधे टायर दिले, सोबत हवा भरायचं किट. चार टायर मिळून सुमारे १० किलो वजन कमी झालं. तसंच पोर्शेचं. ९११ घेतली तर तुम्हाला साधे टायर, सीलंट आणि कॉम्प्रेसर मिळतो. म्हणजे मित्र जे म्हणतायत त्यात तथ्य आहे. ज्यांना फक्त गाडी चांगली पळायला हवी, ते बऱ्याचदा साध्या टायरकडे जातात.

मात्र "रन-फ्लॅट म्हणजे वाईट" हेही सरसकट खरं नाही. आजची आठव्या पिढीची कॉर्व्हेट रन-फ्लॅटवरच येते, आणि तिला कोणी मऊ, सुस्त गाडी म्हणणार नाही. तिचं सस्पेन्शन या टायरचा विचार करूनच बनवलंय. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे रन-फ्लॅट जास्त कडक होते. नाव बदनाम झालं ते तेव्हापासून.

साध्या टायरने काय मिळतं?

पहिलं, आराम. साइडवॉल मऊ असली की छोटे खड्डे, सांधे, स्पीड ब्रेकर टायरच गिळून टाकतो. रन-फ्लॅटमध्ये तोच धक्का पुढे सस्पेन्शनला आणि तुमच्या कमरेला जातो.

दुसरं, रिम. पस्तीस-चाळीस प्रोफाइलच्या टायरला आधीच उंची कमी. त्यात साइडवॉल कडक. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा जोरात बसला की अलॉय वाकते, कधी तडकते. साध्या टायरमध्येही रिम वाकते आणि साइडवॉलला फुगा येतो, पण टायरला थोडं तरी दबायला वाव असतो.

तिसरं, पैसे आणि पर्याय. त्याच आकाराचा रन-फ्लॅट साधारणपणे महाग असतो आणि निवडायला मॉडेलही कमी. साध्यामध्ये तुम्ही पावसातली पकड, आवाज, आयुष्य असं बघून निवडू शकता.

चौथं, पंक्चर काढणं. साध्या ट्यूबलेस टायरला खिळा लागला की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पाच मिनिटांत पट्टी ठोकून देतो. रन-फ्लॅट हवेविना चालवला असेल तर आतली साइडवॉल किती भाजलीय हे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे असा टायर दुरुस्त न करता बदला, असंच बऱ्याच कंपन्या सांगतात. शिवाय तो कडक टायर रिमवरून काढायला नीट मशीन लागतं. हायवेवर पहारीने उचकटायला गेलात तर रिम आणि टायर दोन्ही जातील.

मग रन-फ्लॅट घ्यायचाच कशाला?

आता त्या रात्रीच्या प्रवासाकडे या.

समजा ती बहीण खंबाटकी घाटात आहे. रात्रीचे अकरा, पाऊस, मागून ट्रक येतायत. मागच्या टायरमध्ये मोठा खिळा जातो.

टायर साधे असतील तर तिला गाडी कडेला घ्यावी लागणार. कठड्याला लागून जी काही जागा असेल तिथे. मग उतरायचं, किट काढायचं, सीलंट सोडायचं, कॉम्प्रेसर लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. हे सगळं जमलं तर. आणि सीलंट फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं छोटं भोक भरतं. साइडवॉल कापली गेली असेल तर ते निरुपयोगी. मग टोइंगची वाट बघा, तीही फ्लॅटबेडचीच, कारण इतकी बुटकी गाडी हुक लावून ओढली तर पुढचा बंपर गेलाच समजा.

रन-फ्लॅट असेल तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, ती वेग कमी करते आणि गाडी चालवत राहते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर कुठेही पंक्चर झालं तरी पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर यांपैकी एक गाव ८० किलोमीटरच्या आत येतंच. तिला घाटात दरवाजा उघडावा लागत नाही. गाडी उजेडात, माणसांत, हॉटेलच्या पार्किंगमध्ये थांबते. टायर बहुतेक टाकून द्यावा लागेल. जाऊ दे, टायरच तो.

रन-फ्लॅट घेताना तुम्ही विकत घेताय ते हेच: कुठे थांबायचं हे ठरवायचा हक्क.

आता हाच हिशेब समृद्धी महामार्गावर करा. ७०१ किलोमीटरचा रस्ता. इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा. बोगद्यात पंक्चर झालं तर रन-फ्लॅट सोन्यासारखा, कारण तिथे थांबायचंच नसतं. पण मधल्या पट्ट्यात ८० किलोमीटर वापरून तुम्ही एखाद्या इंटरचेंजवरून खाली उतरलात, तर पुढे काय? त्या गावात २५५/३५ आर १८ चा रन-फ्लॅट मिळेल का? अवघड आहे. साधा टायर असता तर कदाचित पट्टी मारून पुढे निघाला असता. म्हणून मी म्हणतो, ८० किलोमीटरचा विचार करताना ८१ व्या किलोमीटरवर काय आहे हेही बघा.

आणि एक गैरसमज काढून टाका. रन-फ्लॅट म्हणजे न फुटणारा टायर नाही. साइडवॉलच मोठी फाटली तर तोही बसतो. जुना, तडे गेलेला, कमी हवेवर पळवलेला रन-फ्लॅट साध्याइतकाच धोकादायक.

आमच्याकडे स्पोर्ट्स कार नाही, आम्ही का वाचायचं?

कारण स्टेपनी तुमच्याही गाडीतून जाऊ शकते. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट गाडीत असेल, तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. म्हणजे नवी गाडी बुक करताना "स्टेपनी आहे का, किट आहे का, की रन-फ्लॅट आहेत?" हा प्रश्न आता सगळ्यांचाच.

माझं उत्तर

या श्रोत्याने रन-फ्लॅटच टाकावेत, चारही, आताच्या पिढीतले. गाडी फक्त त्याचीच असती आणि रविवारी सकाळी लवासाकडे एक चक्कर, एवढाच वापर असता, तर मी बिनधास्त साधे टाक म्हटलं असतं. तिथे पंक्चर म्हणजे चहा पीत मित्राची वाट बघणं. पण महिन्यातून दोन रात्री जो माणूस स्टिअरिंगवर एकटा आहे, टायर त्याच्या हिशेबाने निवडायचे. पुण्यातल्या खड्ड्यांत कंबर थोडी जास्त हलेल. ती किंमत मला परवडणारी वाटते.

तुमचं गणित वेगळं असेल आणि तुम्ही साध्याकडे जाणार असाल, तर एवढं पाळा:

- चारही टायर एकदम बदला. एकाच अ‍ॅक्सलवर एक रन-फ्लॅट आणि एक साधा, हे तर कधीच नको.
- आकार तोच ठेवा. लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलंय त्यापेक्षा कमी घेऊ नका.
- टायर प्रेशरची यंत्रणा चालू आहे ना बघा. काही गाड्यांत चाकात सेन्सर असतो. काहींत चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधला जातो: हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेऱ्या मारतं. अशा गाडीत टायर बदलले किंवा हवा भरली की सिस्टिम रिसेट करावी लागते.
- डिकीत कॉम्प्रेसर, सीलंट, पट्टीचं किट, टॉर्च आणि लाल त्रिकोण ठेवा. सीलंटच्या बाटलीवर एक्स्पायरी असते, ती वाचा.
- रोडसाइड असिस्टन्स घेताना फ्लॅटबेड पाठवतात का ते आधीच विचारा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, आणि जिवावर बेतणारं काही असेल तर ११२.

रन-फ्लॅट ठेवणार असाल तर दिवा लागल्यावर "अजून काही जाणवत नाहीये" म्हणून १०० ने पळवू नका. या टायरचा धोका हाच आहे, पंक्चर झाल्याचं हाताला कळतच नाही. ट्रिप मीटर लगेच शून्य करा, म्हणजे ८० पैकी किती उरले ते समोर दिसेल. आणि ज्या घरात गाडी दोघं-तिघं चालवतात, तिथे हा दिवा कसा दिसतो आणि लागला की काय करायचं, हे प्रत्येकाला माहीत हवं.

शेवटी एक छोटं काम. आज गाडीपाशी गेलात की टायरच्या बाजूला डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही चांगली दिसू दे, टायर म्हातारा झाला असेल तर रन-फ्लॅट की साधा हा प्रश्न नंतर, आधी तो बदला.

तुमच्या गाडीत स्टेपनी आहे की किट, ते व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत हवा तपासत राहा!