सोम-गुरूवाले

सकाळचे साडेसात. सातारा जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाचा डायलिसिस विभाग. अण्णा वजनकाट्यावर उभे आहेत आणि त्यांच्याआधी त्यांच्या पत्नी, काकूच आकडा वाचताहेत.

"तीन किलो चढलंय," टेक्निशियन म्हणतो.

काकू नुसत्या बघतात. "अगं, बारशाला गेलो, तिथं वाटीभर ताक..." 78 वर्षांचे अण्णा शाळकरी पोरासारखे चाचरतात. दिवसाचं पाणी काकू लिटरच्या बाटलीत मोजून ठेवतात. चहासुद्धा त्यातच धरायचा. वाटीभर ताकानं तीन किलो चढत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

डाव्या हाताच्या फिस्टुलात दोन सुया जातात. एका नळीतून रक्त मशीनकडे, दुसरीतून परत. आता चार तास हा हात हलवायचा नाही. मशीनवर थंडी वाजते, म्हणून काकू कानटोपी चढवतात आणि बाहेर बाकावर येतात.

मला मशीनपेक्षा हा बाकच जास्त बघावासा वाटतो. इथले सगळे सोम-गुरूवाले, म्हणजे दर सोमवारी-गुरुवारी डायलिसिससाठी येणारे. पलीकडच्या आजोबांचा मुलगा कारखान्यावर पाळीला गेलाय, तर त्यांना दुसऱ्याच पेशंटच्या पुतण्यानं जीपमधून आणलंय. भाजी उकळून पाणी टाकून कशी करायची, हे जुनी सून नव्या सुनेला सांगतेय. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतात, पंचाहत्तरीपुढच्या अण्णांना एसटी फुकट, काकूंना अर्धं तिकीट. बुडालेला रोज मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. काकूंच्या घरी त्यावर तोड निघालीय: सोमवारी थोरली सून मळा बघते, गुरुवारी धाकटी. अण्णांनाही कुणी आजारी म्हणून कोपऱ्यात बसवलेलं नाही. डेअरीच्या दुधाचा हिशेब आजही त्यांच्याकडेच आहे, आणि तो चुकत नाही.

नात्यातले एक गृहस्थ दोन शहाळी घेऊन येतात. काकू हसून घेतात, चौकशा होतात, पाहुणे जातात. मग ती शहाळी बाकावरच्या धडधाकट मंडळींत संपतात.

अकराच्या सुमारास आतून हाक येते. अण्णांचं बीपी उतरलंय, पायात गोळा आलाय. सिस्टर पाय वर घेते, पाणी काढणं थांबवते. काकू पोटरी चोळतात. उठताना त्यांचाच गुडघा कळवळतो.

"दाखवलात का कुठं?" मी विचारते.

"बघू. जरा मोकळा वार मिळू दे."

अशा घरी भेटायला जाणार असाल, तर शहाळी-केळी नेऊ नका. त्यातलं पोटॅशियम या रुग्णांच्या हृदयाला धोक्याचं असतं. त्यापेक्षा एखाद्या गुरुवारी बाकावर तुम्ही बसा, आणि काकूंना गुडघा दाखवायला पाठवा.