कुलूप लावा, पण कारण सांगा

घरातल्या मोबाईलवर मुलांसाठी आपण काही गोष्टी बंद ठेवतो. मुले विचारतात, 'का?' आणि आपल्याला उत्तर द्यावेच लागते. सरकारने एखादे संकेतस्थळ बंद केले, तर नागरिकानेही हेच विचारायला नको का?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिले, मैत्रिणीने ते 'लाइक' केले आणि दोघींना अटक झाली. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. मजकूर रोखण्याचा अधिकार केंद्राला देणारे कलम ६९अ मात्र कायम ठेवले. रोखण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणून त्यांना आव्हान देता येते, असे न्यायालयाने म्हटले.

पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. जो आदेश हाती पडत नाही, त्याला आव्हान कसे द्यायचे?

दंगल भडकवणारा मजकूर थांबलाच पाहिजे, यात वाद नाही. मात्र ज्याचे लिखाण रोखले, त्याला कारण कळले पाहिजे. घरात मुलांना आपण जेवढे उत्तर देतो, तेवढे तरी!