लेप माशाला, पण बर्फ आधी

मैत्रिणींनो, मासळी विकणाऱ्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: दुपारनंतर उरलेला बांगडा पडत्या भावात किती दिवस द्यायचा? त्यावर 'खाता येणारा लेप' हा उपाय हल्ली कानावर येतो.

घरी आपण तुकड्यांना हळद-मीठ चोळून ठेवतो ना, विचार तोच. मीठ पाणी ओढून घेतं, हळद जंतूंना थोडा आवर घालते. नवा लेप बरेचदा कायटोसानचा असतो. तो बनतो कशापासून? आपण कोळंबी सोलून फेकतो त्या सालांपासून! त्याची पावडर व्हिनेगरच्या सौम्य पाण्यात विरघळवतात, साफ केलेला मासा त्यात बुडवून निथळतात. वर पातळ पापुद्रा बसतो. हवा कमी लागल्याने बांगड्यासारख्या तेलकट माशाला खवट वास उशिरा येतो, जंतूही हळू वाढतात. चिकन-मटणालाही हा लेप चालतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कायटोसानवर बरंच काम केलंय.

पण ताई, सालं चुलीवर उकळून कायटोसान होत नाही. त्याला आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो, हात भाजतील. पावडर विकतच घ्यायची, तीही खाण्याच्या दर्जाची. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाला आधी सांगायचं.

आणि बर्फाला सुट्टी नाही. १ किलो मासळीला १ किलो बर्फ हवाच. उतरलेला मासा लेपाने ताजा होत नाही. गटाकडे पैसे थोडे असतील तर आधी बर्फाची पेटी घ्या, लेपाचं नंतर बघू.