काचबिंदू : बंदीच्या दोन महिन्यांत डोळ्यांचं काम उरकून घ्या



काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकांचं आधी बाजूचं दिसणं कमी होतं. समोरचं नीट दिसतं, म्हणून आपण गाफील राहतो. बाजूने येणारी होडी उशिरा दिसायला लागते, तोवर बरीच नजर गेलेली असते. मोतीबिंदू ऑपरेशनने बरा होतो, पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच हातात असतं.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. ती वाट तुंबली की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस खराब होत जाते. दाब उतरवायला रोज थेंब घालावे लागतात. घरी ते जमतं. ट्रॉलरवर आठ-आठ दिवस, हलत्या बोटीत, खाऱ्या हातांनी थेंब चुकतात, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून 'एसएलटी' या लेझरबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. डोळा बधिर करतात, मशीनवर हनुवटी टेकवायची, काही मिनिटांत काम होतं. चिरफाड नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. ब्रिटनमध्ये ७१८ नव्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आधी लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होता.

पण लेझर सगळ्यांना चालत नाही. काचबिंदूच्या काही प्रकारांत वेगळा लेझर लागतो, आजार वाढला असेल तर ऑपरेशनही. लेझरचा असर काही वर्षांनी कमी होऊ शकतो, म्हणून तपासणी कायम ठेवायची. आणि लेझर झाला तरी डॉक्टर सांगेपर्यंत थेंब बंद करायचे नाहीत.

असर कळायला चार-सहा आठवडे लागतात. आपल्या गोव्यात बंदी १ जून ते ३१ जुलै. जूनच्या सुरुवातीला दाखवलंत, तर बोटी पाण्यात उतरायच्या आधी दुसरी तपासणीही होईल. जाळी विणायला, इंजिन खोलायला आपण वेळ काढतोच, तसा एक दिवस डोळ्यांसाठी काढा.

चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनीच एकदा डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर त्याच्या भावंडांना आणि मुलांनाही सोबत न्या. बोटमालकांनी आपल्या तांडेल-खलाशांनाही पाठवावं, ही विनंती.