टाक्यातले पावसाचे पाणी स्वच्छ कसे ठेवाल?



पावसाचे पाणी घाण होते ते बहुधा आपल्या छपरावर. हिंगणघाट भागात उन्हाळाभर पत्र्यावर, कवेलूवर धूळ, पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा साचते. जिनिंगजवळ घर असेल तर कापसाची धूळही. पहिल्या सरीबरोबर हे सारे टाक्यात उतरले, की पुढे लेकराबाळांना हगवण लागते. म्हणून पहिले पाणी टाक्यात घेऊच नये.

किती सोडावे? १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होते. छप्पर ५० चौरस मीटर असेल, तर पहिला २ मिलिमीटर पाऊस, म्हणजे १०० लिटर पाणी, बाहेर जाऊ द्यावे. त्यासाठी पन्हाळीच्या पाइपाचे तोंड बाजूला फिरवता येईल असे ठेवा. आठ दिवस उघडीप पडली तर पुन्हा तसेच करा. तुम्ही म्हणाल, रात्री पाऊस आला तर कोण उठणार? बरोबर आहे. पाइप बाहेर वळवूनच झोपा.

टाक्याचे झाकण घट्ट हवे. अंधारात शेवाळ धरत नाही. उघड्या तोंडांना बारीक जाळी लावा, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. बादली बुडवू नका, तोटी बसवा, तीही तळापासून वीतभर वर. गाळ खाली राहतो.

जमिनीखालच्या टाक्याची गोष्ट वेगळी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या ओढाताणीत टाक्याला तडे जातात आणि उकिरड्याचे, संडासाचे पाणी आत झिरपते. मला विचाराल तर जमिनीवरचे टाके बरे. तडा गेला तर दिसतो तरी.

घराला लागून कपाशी असेल तर फवारणीच्या दिवशी पाइप बाहेर वळवा, आणि त्यानंतरचे पहिले पाणीही सोडा. उकळल्याने जंतू मरतात. पण कीटकनाशक पाण्यातून जाईल, या भरवशावर राहू नका. औषधाचे रिकामे ड्रम तर कितीही धुतले तरी पाण्याला वापरू नयेत, बरं का!

जंतूंसाठी १००० लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर पुरते. ती मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाक्यात ओता. तासाभराने पाणी प्यायला घ्यावे. पावडरचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो; उग्र वास येत नसेल, तर नवी आणा.