रूट कॅनल : कोरण्याइतकंच धुणं महत्त्वाचं

रूट कॅनल म्हटलं की आठवतात त्या बारीक फायली. पण फायलींनी दाताच्या मुळातली नळी रुंद होते, निर्जंतुक होत नाही. नळीच्या भिंतींच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला तर त्या शिवतही नाहीत. मुळाच्या टोकाशी फुटलेले फाटे, दोन नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटी इथले जंतू मारायला औषधच लागतं.

ते औषध सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातल्या ब्लीचच्याच जातीचं. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी जखमा धुवायला याचंच ०.५ टक्के द्रावण वापरात आणलं. दातांसाठी ०.५ ते ५.२५ टक्के चालतं. ते जंतू मारतं आणि दातातला सडलेला गरही विरघळवतं; हे दुसरं काम क्लोरहेक्झिडिन या दुसऱ्या जंतुनाशकाला जमत नाही. कोरताना भिंतीवर बसलेला भुशाचा थर मात्र हायपोक्लोराइटलाही दाद देत नाही. तिथे ईडीटीए या रसायनाचं १७ टक्के द्रावण लागतं. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्झिडिन नळीत एकत्र आले तर विटकरी साका धरतो, म्हणून मध्ये सलाइनने धुऊन घेतात.

धुण्याच्या सुईचं टोक बंद आणि भोक बाजूला असतं, ते उगाच नाही. जोराने दाबलेलं द्रावण मुळाबाहेर गेलं तर असह्य कळ येते, गाल सुजून काळानिळा पडतो.

दाताभोवती ताणलेला रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, थुंकीतले जंतू दातात आणि औषध घशात जाऊ देत नाही. आपल्याकडे वेळ वाचवायला तो अनेकदा टाळला जातो. खुर्चीत बसण्याआधी तो लावणार का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.