समजून घ्या : एक जनुक बंद पडले तरी फूल नीट उमलते कसे?

गाडीचे चाक पंक्चर झाले, तर डिकीत स्टेपनी असते. वनस्पतींच्या जनुकांमध्येही अशी सोय दिसते. फरक इतकाच, की ही ‘स्टेपनी’ डिकीत पडून नसते. ती आधीपासूनच धावत असते.

एकेक जनुक बंद केले, तर?

‘अरॅबिडॉप्सिस’ ही मोहरीच्या कुळातील छोटी वनस्पती जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. तिच्या फुलात बाहेरून आत हिरवी निदले, पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर अशी चार वलये असतात. ती घडवण्यात ‘सेपालाटा’ गटातील चार जनुकांचा वाटा मोठा आहे. यातील एखादेच जनुक निकामी केले, तर फुलात जेमतेम फरक पडतो. अमेरिकेतील मार्टिन यानोफ्स्की यांच्या गटाने २००० मध्ये तीन जनुके निकामी असलेले रोप तयार केले, तेव्हा सर्व वलयांत निदलांसारखेच अवयव आले. २००४ मध्ये चौथेही बंद केल्यावर त्यांच्या जागी पानांसारखे अवयव उगवले.

जादा प्रती आल्या कुठून?

उत्क्रांतीत कधी एखाद्या जनुकाची, तर कधी संपूर्ण जनुकसंचाचीच दुसरी प्रत तयार होते. वनस्पतींमध्ये हे वारंवार घडले आहे.

मग त्या टिकल्या का?

एक प्रत काम चालवत असेल, तर दुसरीतील बिघाड निसर्गाला ‘दिसत’ नाही. बिघाड साचत जातात आणि ती प्रत निकामी होते. त्यामुळे केवळ ‘वेळेला असावी’ म्हणून जनुक लाखो वर्षे टिकणे कठीण. टिकलेल्या प्रती अनेकदा कामे वाटून घेतात : एक मुळांत जास्त सक्रिय, दुसरी फुलांत. काही वेळा प्रथिनाचे प्रमाण पुरेसे राहण्यासाठी दोन्ही लागतात. एकीने दुसरीला सांभाळून घेणे हा जोडफायदा. ऊन असो वा थंडी, जागा सोडू न शकणाऱ्या झाडासाठी तो मोलाचा आहे.

आपल्या गव्हाशी काय संबंध?

पोळीच्या गव्हात तीन पूर्वज गवतांचे जनुकसंच एकत्र आहेत. त्यामुळे एका प्रतीतील उपयुक्त बदल अनेकदा उरलेल्या दोन प्रतींमुळे झाकला जातो. २०१४ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी ‘एमएलओ’ जनुकाच्या तिन्ही प्रती बंद केल्या, तेव्हा गव्हाला भुरी रोगाविरुद्ध भक्कम प्रतिकारशक्ती मिळाली. थोडक्यात, एक जनुक बंद करून काहीच बदलले नाही, तर ते बिनकामाचे समजू नये. त्याची भावंडे आधी शोधावीत.